पुढची चिठ्ठी कोणती?



गेल्या वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने आर्णीजवळच्या एका शाळेत माझे व्याख्यान होते. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, तेव्हा बोललो रामन परिणामाविषयी. कार्यक्रम संपला, हार-नारळ झाले, मी निघण्याच्या बेतात होतो. इतक्यात नववीतली एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "सर, मला संगणकशास्त्र शिकायचे आहे. पण आमच्या शाळेतले संगणक बंद पडलेत आणि घरी संगणक नाही. मग मला ते कसे येणार?"

मी तिला काहीतरी वेळ मारून नेणारे उत्तर दिले. "बारावी झाली, कॉलेजात गेलीस, की सगळे येईल," असे काहीसे. परत येताना मात्र ते उत्तर मला टोचत राहिले. एक तर तीन-चार वर्षे थांब, असे मी शिकण्याची भूक लागलेल्या मुलीला सांगितले होते. आणि दुसरे म्हणजे, ते उत्तर चुकीचे होते. आजचा हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले खरे उत्तर आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: संगणकाला वेग येतो तो निम्मा यंत्रामुळे आणि निम्मा माहिती मांडून ठेवण्याच्या पद्धतीमुळे. यातला दुसरा भाग शिकायला यंत्र लागत नाही. कागदाच्या चिठ्ठ्या, खडू आणि शाळेचे अंगण एवढे पुरते. तेव्हा शाळेत तो शिकवला गेलाच पाहिजे. हे मी एका उदाहरणाने पटवून देणार आहे. पटले की नाही ते तुम्ही ठरवा.

दोन प्रकारच्या रांगा

रेशनच्या दुकानातली रांग तुम्ही पाहिली आहे. जो आधी आला त्याला धान्य आधी. आता ग्रामीण रुग्णालयात चला. तिथेही रांग असते. कोणी सर्दीसाठी आला आहे, कोणी पट्टी बदलायला. तेवढ्यात कापसाच्या शेतात साप चावलेल्या माणसाला घेऊन लोक येतात. त्याला कोणी "शेवटी उभा राहा" असे म्हणत नाही. तो सर्वांत मागून आला, तरी आत सर्वांच्या आधी जातो. या दुसऱ्या रांगेत आधी कोण आला याला महत्त्व नाही. निकड कोणाची जास्त, एवढेच पाहायचे. संगणकशास्त्रात अशा रांगेला अग्रक्रम-रांग म्हणता येईल.

या रांगेकडून आपल्याला तीन कामे हवी असतात. नवा माणूस आला तर त्याला सामावून घेणे, एखाद्याची निकड मध्येच वाढली तर त्याला पुढे सरकवणे, आणि "आता कोण?" असे विचारले की सर्वांत निकडीचा माणूस चटकन काढून देणे. कामे साधी दिसतात. पण रांग हजारोंची झाली की ती पटापट कशी करायची, याचा विचार माणसे साठ वर्षांहून अधिक काळ करीत आली आहेत, आणि तो विचार अजून संपलेला नाही.

या रांगेचा रस्ते शोधण्याशी काय संबंध, ते आता पाहू.

आर्णीहून निघालेले निरोपे

समजा, आर्णीहून आसपासच्या प्रत्येक गावी लवकरात लवकर कसे पोहोचता येईल, हे आपल्याला शोधायचे आहे. रस्ते तुमच्या ओळखीचे आहेत. मिनिटे मात्र मी हिशेबाच्या सोयीसाठी धरली आहेत. ती एसटीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहू नका.

आर्णी ते दिग्रस ४०, आर्णी ते यवतमाळ ४५, आर्णी ते महागाव ५०, दिग्रस ते दारव्हा ३५, दिग्रस ते पुसद ४५, यवतमाळ ते दारव्हा ५०, महागाव ते पुसद ३०, महागाव ते उमरखेड ३५, पुसद ते उमरखेड ५०.

आता अशी कल्पना करा, की आर्णीहून निघणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर एकाच क्षणी एकेक निरोप्या मोटारसायकलवरून निघाला. तो एखाद्या गावी पोहोचला, की त्या गावाहून पुढच्या प्रत्येक रस्त्यावर नवा निरोप्या निघतो. एखाद्या गावी निरोप आधीच पोहोचला असेल, तर मागून आलेला निरोप्या तिथेच चहा पीत बसतो. तळ्यात खडा टाकल्यावर तरंग जसे बाहेर पसरतात, तसा हा निरोप पसरत जाईल. ज्या गावी तो ज्या मिनिटाला प्रथम पोहोचेल, तो त्या गावाचा कमीत कमी वेळ.

हे सारे आपण चिठ्ठ्यांवर करू. आर्णीहून निघताना तीन चिठ्ठ्या तयार होतात: दिग्रस ४०, यवतमाळ ४५, महागाव ५०. पुढची घटना कोणती घडणार? अर्थात सर्वांत लहान आकड्याची. म्हणून दिग्रसची चिठ्ठी उचला. दिग्रसचे उत्तर ४० मिनिटे, हे पक्के झाले. दिग्रसहून पुढे दारव्हा ७५ आणि पुसद ८५, अशा दोन नव्या चिठ्ठ्या आल्या.

आता सर्वांत लहान चिठ्ठी यवतमाळची, ४५. ती उचला. यवतमाळमार्गे दारव्ह्याला जायला ९५ मिनिटे लागतील. हातात ७५ ची चिठ्ठी आहेच, तेव्हा काही बदलत नाही. पुढची चिठ्ठी महागाव ५०. तिथून उमरखेडची ८५ ची चिठ्ठी तयार होते. आणि पुसद? महागावमार्गे ५० अधिक ३०, म्हणजे ८०. आपल्या चिठ्ठीवर ८५ लिहिले आहे. ते खोडून ८० लिहा. यानंतर दारव्हा ७५, पुसद ८० आणि उमरखेड ८५ या क्रमाने चिठ्ठ्या उचलल्या, की काम संपले.

तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की उचललेल्या चिठ्ठीवरचा आकडा पुढे आणखी कमी होणार नाही कशावरून? उत्तर सोपे आहे. दिग्रसची ४० ची चिठ्ठी उचलली तेव्हा बाकीचे सर्व निरोपे कोठे ना कोठे ४० मिनिटांनंतरच पोहोचणार होते. तिथून ते दिग्रसला वळले, तरी त्यांचा आकडा वाढेल, कमी होणार नाही. कोणताही रस्ता पार करायला शून्याहून कमी वेळ लागत नाही, घड्याळ मागे फिरत नाही, या एका गोष्टीवर ही सगळी युक्ती उभी आहे.

ही रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाची. १९५६ साली अॅमस्टरडॅममध्ये आर्माक नावाच्या नव्या संगणकाचे लोकांना प्रात्यक्षिक दाखवायचे होते. सामान्य माणसाला चटकन कळेल असा प्रश्न हवा, म्हणून त्यांनी हॉलंडमधली ६४ शहरे घेतली आणि एका शहराहून दुसऱ्या शहरी जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग शोधायचे ठरवले. त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले आहे, की आपल्या भावी पत्नीबरोबर बाजारात हिंडून दमल्यावर ते एका कॉफीगृहात बसले होते, आणि तिथे वीसेक मिनिटांत ही रीत त्यांना सुचली. तेव्हा हाताशी कागद-पेन्सिलही नव्हती. १९५९ मध्ये ती अवघ्या तीन पानांच्या निबंधात प्रसिद्ध झाली. ज्या मुलीला मी थांबायला सांगितले, तिच्याकडे निदान कागद-पेन्सिल होती!

चिठ्ठ्या पाहायच्या तरी किती वेळा?

सहा गावांत सर्वांत लहान चिठ्ठी कोणती, हे डोळ्यांनीच दिसते. पण महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. सोयीसाठी ४०,००० धरू. सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरून ठेवल्या आहेत. ज्या गावाची अजून खबर नाही, त्याच्या चिठ्ठीवर 'अनंत' लिहिले आहे. दर वेळी सर्वांत लहान चिठ्ठी शोधायला सगळ्या चिठ्ठ्या पाहाव्या लागतील: पहिल्यांदा ४०,०००, मग ३९,९९९, मग ३९,९९८... दहावीतल्या अंकगणिती श्रेढीचे सूत्र वापरून बेरीज करा. ती सुमारे ८० कोटी येते.

मग चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावून का ठेवू नयेत? ठेवता येतील. पण पुसदच्या चिठ्ठीसारखा एखादा आकडा मध्येच बदलला, की ती चिठ्ठी काढून नव्या जागी घालायची आणि मधल्या सगळ्या चिठ्ठ्या एकेक घर सरकवायच्या. शोधण्याचा त्रास गेला, तर सरकवण्याचा आला.

पसरलेल्या ढिगात शिस्त मुळीच नाही आणि क्रमाने लावलेल्या रांगेत शिस्त गरजेपेक्षा जास्त आहे. आपल्याला हवी आहे फक्त सर्वांत लहान चिठ्ठी. बाकीच्यांचा आपसांतला क्रम आज ठरवण्याची गरजच नाही. मग कामापुरतीच शिस्त ठेवता येईल का?

उतरंड

येते. १९६४ साली जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी अशी एक रचना प्रसिद्ध केली. त्यांना ती रस्त्यांसाठी नको होती; आकडे क्रमाने लावण्यासाठी त्यांनी ती योजली होती. इंग्रजीत तिला हीप म्हणतात. हीप म्हणजे ढीग. मला मात्र आपला 'उतरंड' हा शब्द अधिक आवडतो. आजीच्या घरी मडक्यांची उतरंड असे. मोठे मडके खाली, लहान वर. ही रचनाही तशीच आहे.

अंगणात खडूने चौकटी आखा. सर्वांत वर चौकट १. तिच्याखाली २ आणि ३. चौकट २ च्या खाली ४ आणि ५, चौकट ३ च्या खाली ६ आणि ७. म्हणजे कोणत्याही चौकटीच्या क्रमांकाची दुप्पट केली, की तिचे पहिले अपत्य मिळते. त्यात एक मिळवला, की दुसरे. नियम एकच: वरच्या चौकटीतला आकडा तिच्या दोन्ही अपत्यांपेक्षा मोठा नसावा. भावंडांत लहान-मोठे कसेही असले तरी चालेल. एवढ्या नियमाने सर्वांत लहान आकडा आपोआप चौकट १ मध्ये येतो.

समजा, चौकट १ ते ४ मध्ये अनुक्रमे ४५, ५०, ७५, ८५ आहेत. आता ३० ची नवी चिठ्ठी आली. ती पहिल्या रिकाम्या जागी, चौकट ५ मध्ये ठेवा. तिच्या वर चौकट २ मध्ये ५० आहे. ३० लहान, म्हणून अदलाबदल. आता तिच्या वर चौकट १ मध्ये ४५. पुन्हा अदलाबदल. संपले. चौकट ३ आणि ४ यांना आपण हातही लावला नाही.

आता वरची ३० ची चिठ्ठी काढून घ्या. जागा रिकामी झाली. सर्वांत शेवटच्या चौकटीतली चिठ्ठी, म्हणजे ५०, उचलून वर ठेवा. तिची अपत्ये आहेत ४५ आणि ७५. त्यांतल्या लहानाशी, म्हणजे ४५ शी अदलाबदल करा. ५० आता चौकट २ मध्ये आली. तिच्याखाली ८५; ते मोठे, म्हणून थांबा. उतरंड पुन्हा नीट झाली.

यातली गंमत उंचीत आहे. एका मजल्यावर १ चिठ्ठी, पुढच्यावर २, मग ४, मग ८. दर मजल्याला चिठ्ठ्या दुपटीने वाढतात. म्हणून ४०,००० चिठ्ठ्यांची उतरंडसुद्धा वरपासून खालपर्यंत अवघ्या १५ पायऱ्यांची होते. चिठ्ठी वर चढताना फार तर १५ तुलना कराव्या लागतात. खाली उतरताना दर पायरीला दोन, म्हणजे फार तर ३०.

आता हिशेब करा. ४०,००० वेळा वरची चिठ्ठी काढायची. ३० ने गुणून १२ लाख तुलना. एका गावाहून सरासरी तीन रस्ते निघतात असे धरले, तर १,२०,००० वेळा "हा आकडा कमी होतो का?" हे पाहावे लागेल. प्रत्येक वेळी तो कमी झाला आणि चिठ्ठी पार वरपर्यंत चढली असे धरले, तरी १८ लाख. एकूण ३० लाख.

एकीकडे ८० कोटी, दुसरीकडे ३० लाख. दोनशे साठ पटींहून अधिक फरक! यंत्र तेच, रीत डाइक्स्ट्रांचीच, उत्तरही तेच. बदलली ती फक्त चिठ्ठ्या ठेवण्याची पद्धत. चार तासांचे काम एका मिनिटात आले. एवढा वेग विकत आणायचा म्हटले, तर आजच्यापेक्षा अडीचशे पट वेगवान यंत्र आणावे लागेल. इथे तो खडूच्या काही रेघांत मिळाला.

पोस्टमनची युक्ती

शोध इथे थांबला नाही. १९६९ साली रॉबर्ट डायल यांनी वेगळाच मार्ग धरला. मिनिटे पूर्णांकांत असतील, तर तुलना तरी कशाला? मिनिटागणिक एकेक खण करा. ४० मिनिटांची चिठ्ठी ४० व्या खणात, ८५ ची ८५ व्या खणात. मग पहिल्या खणापासून पुढे चालत जायचे. घड्याळ मागे फिरत नाही, म्हणून मागचे खण पुन्हा पाहावे लागत नाहीत. अडचण एकच: आकडे मोठे असले, तर खण किती करणार?

यावरची तोड समजायला आपल्या टपालाकडे पाहा. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झाली. आर्णीचा पिनकोड आहे ४४५१०३. दूरच्या टपाल कार्यालयात हे पत्र पडले, तर तिथला माणूस आर्णी कोठे आहे याचा विचार करीत बसत नाही. तो पहिले तीन आकडे पाहतो, ४४५, आणि यवतमाळच्या गठ्ठ्यात पत्र टाकतो. आर्णीचे पत्र कोणते आणि पुसदचे कोणते, ही बारीक वर्गवारी गठ्ठा इकडे आल्यावर होते. गरज पडेल तिथे आणि गरज पडेल तेव्हाच.

मोठे आकडे असलेल्या चिठ्ठ्यांनाही हीच युक्ती लागू पडते. लांबच्या वेळांचे खण मोठे ठेवायचे आणि घड्याळ त्या खणापाशी आले, की तेवढाच खण उपसून त्यातल्या चिठ्ठ्या लहान खणांत वाटायच्या. कानपूरच्या आयआयटीत अध्यापन केलेले रवींद्र आहुजा आणि मेलहॉर्न, ऑर्लिन व टार्जन या चौघांनी १९९० साली या कल्पनेवर उभारलेली वेगवान रीत प्रसिद्ध केली.

त्याआधी १९८४ साली याच टार्जन यांनी फ्रेडमन यांच्याबरोबर आणखी एक उतरंड मांडली होती. तिच्यात चिठ्ठीवरचा आकडा कमी करण्याचे काम सरासरीने जवळजवळ फुकटात होते. तिच्या हिशेबात फिबोनाची संख्या येतात, म्हणून तिला त्यांचेच नाव मिळाले. कागदावर ती श्रेष्ठ. पण तिचा पसारा इतका, की प्रत्यक्षात विल्यम्स यांची साधी उतरंडच पुष्कळदा आधी काम उरकते. घरात भांडी जास्त झाली म्हणून स्वयंपाक लवकर होतोच असे नाही.

आणि ही कथा जुनी झाली असे समजू नका. २०२४ मध्ये पाच संशोधकांच्या एका गटाने सिद्ध केले, की गावे जवळून लांब अशा क्रमाने हवी असतील, तर योग्य उतरंड वापरणाऱ्या डाइक्स्ट्रांच्या रीतीपेक्षा मुळातून सरस रीत असू शकत नाही. त्या पाचांत टार्जन होतेच, पहिल्या शोधानंतर चाळीस वर्षांनी! आणि २०२५ मध्ये चीनमधील त्सिंगह्वा विद्यापीठातील रान दुआन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी उलट बाजूने वाट काढली. क्रमाचा आग्रह सोडला आणि फक्त अंतरे मागितली, तर रस्ते विरळ असलेल्या मोठ्या जाळ्यांत डाइक्स्ट्रांच्या मर्यादेपलीकडे जाता येते, हे त्यांनी दाखवले. कामापुरतीच शिस्त ठेवा, हा उतरंडीचाच धडा त्यांनी आणखी एक पाऊल पुढे नेला आहे.

"मोबाइल आहे ना!"

आता एक आक्षेप. माझ्याच वर्गातला एक मुलगा म्हणाला, "सर, मोबाइल रस्ता दाखवतो. मग आपण हे कशाला शिकायचे?"

आक्षेप रास्त आहे. मोबाइलमधले नकाशे तर आधीच पुष्कळ तयारी करून ठेवून याहून पुढच्या युक्त्या वापरतात. पण मी त्याला विचारले, "पावसाळ्यात नाल्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असते, तेव्हा मोबाइल कोणता रस्ता दाखवतो?" तो हसला. त्याच्या गावच्या वाटेवर असा पूल आहे.

चिठ्ठीवर जो आकडा लिहिला असेल, त्याच आकड्याने रीत चालते. पुलावर पाणी आहे हे चिठ्ठीवर नसेल, तर उत्तम उतरंडही आपल्याला झटकन चुकीच्या रस्त्याला लावील. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. साप चावलेल्या माणसाकडे गाडी कोणत्या वाटेने न्यायची, हा प्रश्न अशा वेळी पुस्तकातला राहत नाही. आत काय चालते हे ज्याला ठाऊक आहे, तोच विचारू शकतो, की हा आकडा कोणी लिहिला, केव्हा लिहिला, तो आज खरा आहे का? ज्याला ठाऊक नाही, तो पडद्यावरच्या निळ्या रेघेवर विश्वास ठेवतो किंवा तिला शिव्या देतो. हे प्रश्न विचारता यावेत, म्हणून शिकायचे.

शिक्षक मित्रांना

आता थोडे शिक्षकांशी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर संगणकाच्या आज्ञा लिहिण्याचे, म्हणजे कोडिंगचे, उपक्रम सुचवले आहेत. ते चांगलेच आहे. पण मला भीती अशी वाटते, की कोडिंग म्हणजे यंत्रापुढे बसून कोणतीतरी भाषा टंकणे, असा अर्थ आपण घेऊ. मग यंत्र बंद, की शिक्षण बंद.

तुम्ही म्हणाल, वेळ कोठे आहे? मी दोन तासिका मागतो. अंगणात ३१ चौकटी आखा. ३१ चिठ्ठ्यांवर आकडे लिहा. दोन गट करा. एका गटाने चिठ्ठ्या पसरून ठेवायच्या, दुसऱ्याने त्यांची उतरंड रचायची. मग लहानातली लहान चिठ्ठी काढत सगळ्या संपवायच्या आणि तुलना मोजायच्या. पसरलेल्या ढिगाला एकूण ४६५ तुलना लागतील. उतरंड रचून झाल्यावर तिला फार तर २४८. आता चिठ्ठ्या दुपटीने वाढवून ६३ करा. ढिगाचा आकडा चौपटीच्या वर जाऊन १,९५३ होतो. उतरंडीचा ६३० च्या पुढे जात नाही. मुले हे स्वतः मोजतील, तेव्हा दोनाचे घात आणि श्रेढीची बेरीज यांना एकदम अर्थ येईल. दुसऱ्या तासाला तालुक्याचा नकाशा घ्या आणि रस्त्यांवरची मिनिटे मुलांनाच विचारा. ती त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली माहीत असतात. कोणत्या गावाची चिठ्ठी कोणत्या चौकटीत आहे, हे वहीत टिपायला मात्र एका मुलाला बसवा. नाहीतर आकडा बदलताना ती चिठ्ठी हुडकण्यातच वेळ जाईल. असे घडले तर तोही एक धडाच!

याचा अर्थ शाळांना संगणक नकोत, असा कोणी काढू नये. संगणकाच्या खोलीचे कुलूप उघडले पाहिजे, बंद यंत्रे दुरुस्त झाली पाहिजेत, आणि त्यासाठी पालकांनी व शिक्षकांनी पाठपुरावा केला पाहिजे. चिठ्ठ्यांवर केलेली रीत शेवटी यंत्रावर चालवून पाहण्यात वेगळाच आनंद आहे, तो प्रत्येक मुलाला मिळायला हवा. माझे म्हणणे एवढेच, की ते कुलूप उघडेपर्यंत मुलांचे डोके बंद ठेवण्याचे कारण नाही.

त्या मुलीच्या शाळेत मी पुन्हा जाणार आहे. या वेळी भाषण करणार नाही. खडूची पेटी आणि चिठ्ठ्यांचा डबा नेणार आहे. ती आणि तिच्या वर्गातली मुले उतरंड रचतील, आर्णीहून निरोपे सोडतील. तिने मला पुन्हा विचारले, "सर, संगणक नसताना मला संगणकशास्त्र कसे येणार?" तर या वेळी मी तिलाच उलट विचारीन, "पुढची चिठ्ठी कोणती?" तिने बरोबर चिठ्ठी उचलली, आणि तीच का उचलली हे सांगितले, की समजावे, संगणकशास्त्राला तिची सुरुवात झाली आहे.

तुम्हीही करून पाहा. चिठ्ठ्या तुमच्या, गावे तुमची. फरशी पुलावर पाणी असेल, तर आकडा बदलायला मात्र विसरू नका.